तट्टूचे पाय आणि चित्रकाराचे डोळे

हास्यचित्रातले तट्टू काढणे सोपे, असा सर्वसाधारण समज आहे. मोठे डोळे, फुगीर पोट, आखूड पाय आणि झुपकेदार आयाळ एवढे साधले की काम झाले, असे नवशिक्यास वाटते. परंतु कागदावर उतरते ते पुष्कळदा आयाळ लावलेले कुत्रेच. हा दोष कल्पनेचा नसतो, सांध्यांचा असतो. हास्यचित्रकारास प्रमाणे हवी तशी ताणता येतात. सांधे मात्र जागचे हलविता येत नाहीत.

हे सांधे समजण्यास स्वतःचे शरीर हाच उत्तम नमुना होय. घोड्याच्या पुढच्या पायाचा गुडघा म्हणून जो ओळखला जातो, तो माणसाच्या मनगटाच्या जागचा सांधा आहे. त्याखालची नळी म्हणजे तळहातातले हाड आणि खूर म्हणजे मधल्या बोटाचे नख. मागच्या पायाचा जो सांधा उलटा वाकलेला दिसतो, ती वस्तुतः टाच होय. खरा गुडघा वर, पोटालगत असतो. म्हणजे घोडा जन्मभर चार बोटांच्या टोकांवर उभा असतो. शिवाय त्याला गळ्याखालचे आडवे हाड नसते. पुढच्या दोन पायांमध्ये त्याचे धड केवळ स्नायूंच्या आधाराने तोललेले असते. खांदा चालताना मागेपुढे सरकतो, तो यामुळेच.

प्रमाणासाठी डोक्याची लांबी हे माप घ्यावे. साधारण घोडा खांद्याशी अडीच डोकी उंच आणि जवळजवळ तितकाच लांब, म्हणजे चौकोनात बसणारा असतो. तट्टूचे पाय आखूड, म्हणून तो चौकोन आडवा होतो. हास्यचित्रात डोके दुप्पट केले तरी चालते, पण टाच टाचेच्याच जागी राहिली पाहिजे.

एवढे पुस्तकातून कळते. हाताला वळण लागते ते पाहण्याने. उज्जैनला त्याची एक चांगली संधी दरवर्षी येते. श्रावणातल्या सोमवारी महाकालेश्वराची पालखी नगरातून निघून क्षिप्रेच्या राम घाटावर येते आणि तेथे नदीच्या पाण्याने पूजा होते. उत्तरेकडचा श्रावण पौर्णिमेला संपतो. तरी सवारी पुढच्या वद्य पक्षातही निघते, कारण शिंद्यांच्या काळापासून मराठी पंचांगाचा श्रावणही येथे पाळला जातो. या मिरवणुकीत पोलिसांचे घोडेस्वार असतात. वाटेच्या कडेला वही घेऊन उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्यास घोडा क्षणभरच दिसतो, आणि हीच त्याची खरी शाळा. प्रथम पाठीची व मानेची एकच रेघ ओढावी. मग छाती आणि पुठ्ठा ही दोन वर्तुळे, आणि शेवटी सांध्यांचे ठिपके. एवढ्यास अर्धे मिनिट पुरते. घोडा थांबला की तो मागचा एक पाय सैल सोडतो आणि त्या बाजूचा पुठ्ठा खाली येतो. ती कललेली रेषा सापडली की चित्रातल्या घोड्यास वजन येते. उरलेले घरी, आठवणीने पुरे करावे.

दाराबाहेर पडून चित्र काढण्याची ही शिस्त माळव्याला नवी नाही. इंदूरला द. दा. देवळालीकर यांच्या हाताखाली नारायण श्रीधर बेंद्रे आणि मकबूल फिदा हुसेन घडले. पुढे हुसेन यांचे घोडे जगभर गेले.

तथापि डोळाही फसवितो. शतकानुशतके चित्रकारांनी भरधाव घोडा चारी पाय पुढेमागे ताणलेला दाखविला. १८७८ साली अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी छायाचित्रे घेतली, तेव्हा दिसून आले की चारी पाय जमिनीवरून सुटतात त्या क्षणी ते पोटाखाली गोळा झालेले असतात. साध्या चालीत चार पावले एकामागून एक पडतात. दुडकीत समोरासमोरच्या कोपऱ्यांतले पाय जोडीने उचलले जातात. ठेका समजला, की चित्रातले तट्टू चालू लागते.

पूर्वी दारासमोरून टांगे जात, तेव्हा हे मुलांना न शिकविता कळे. आता टांगे विरळ झाले. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या तर २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरविल्या. त्यामुळे आजचे मूल चित्रावरून चित्र काढते, आणि प्रत्येक नकलेत एक सांधा हरवत जातो. हरवतो तो केवळ चित्रातून नव्हे. पुढचा पाय दुखावलेले तट्टू चालताना, तो पाय टेकताच मान वर उचलते आणि चांगल्या पायावर भार येताच मान खाली टाकते. ज्याने शंभर घोडे रेखाटले आहेत, त्यास हे रस्त्याच्या पलीकडून दिसते. ज्याने फक्त चित्रे पाहिली, त्याला ते तट्टू मान डोलावीत मजेत चालले आहे असे वाटते, आणि मुक्या जनावराचे दुखणे त्याच्या डोळ्यांसमोरून तसेच निघून जाते.