त्वचेवरील जंतुनाशके : कोणते, कोठे व कसे?

त्वचा ही शरीराची तटबंदी होय. सुई टोचताना, शस्त्रक्रियेच्या वेळी अथवा जखम झाली असता या तटबंदीस खिंडार पडते व जंतूंचा शरीरात शिरकाव होतो. १८६७ साली जोसेफ लिस्टर या ब्रिटिश शस्त्रवैद्याने कार्बोलिक आम्लाच्या साहाय्याने जखमा चिघळू न देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ते आम्ल त्वचेस जाळणारे असल्याने पुढे अधिक सौम्य द्रव्ये प्रचारात आली. त्यांपैकी तिहींचे गुणदोष जाणून घेणे हितावह ठरेल.

स्पिरिट जंतूंचा नाश त्वरित करते. मात्र शुद्ध स्पिरिटपेक्षा पाणी मिसळलेले सत्तर टक्क्यांचे स्पिरिट अधिक गुणकारी असते. कारण जंतूंतील प्रथिने गोठण्यास पाण्याची आवश्यकता असते. ते उडून गेले की त्याचा प्रभावही सरतो. ते ज्वालाग्राही असून उघड्या जखमेस अपायकारक आहे.

पोव्हिडोन आयोडीन बहुविध जंतूंवर परिणामकारक असून जखमेभोवतीही वापरता येते. लावल्यावर ते सुमारे दोन मिनिटे वाळू द्यावे. रक्त व पू यांच्या संपर्काने त्याची शक्ती घटते. नवजात अर्भके व थायरॉइडचे रुग्ण यांच्या बाबतीत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

क्लोरहेक्सिडीनचा प्रभाव कित्येक तास टिकतो. शस्त्रक्रियेपूर्वी त्वचेसाठी स्पिरिटमिश्रित क्लोरहेक्सिडीन वापरावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली केली. तथापि हे औषध डोळ्यांत वा कानाच्या आतील भागात गेल्यास गंभीर इजा होऊ शकते. क्वचित तीव्र ॲलर्जीही उद्भवते.

सारांश, सर्व ठिकाणी श्रेष्ठ असे एकही जंतुनाशक नाही. टोचण्यापूर्वी स्पिरिट, जखमेसाठी आयोडीन आणि शस्त्रक्रियेसाठी स्पिरिटमिश्रित क्लोरहेक्सिडीन, असा स्थूल विवेक ठेवावा. पाऱ्याचे जुने लाल औषध मात्र वर्ज्य समजावे.

किरकोळ जखम प्रथम स्वच्छ पाण्याने धुवावी. हळद, राख वा शेण लावू नये. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन लावावे व विनाविलंब आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी. जंतुनाशक हे लसीची जागा घेऊ शकत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनी शाळेच्या प्रथमोपचार पेटीतील बाटल्यांवरील नाव व मुदत वेळोवेळी तपासावी आणि एका बाटलीतील औषध दुसरीत ओतू नये.