शत्रूच्या खुर्चीवर

लढाईचा खेळ तुमच्यापैकी बहुतेक सर्वांनी खेळला असेल. काठीची तलवार करावी, ओसरीचा किल्ला करावा आणि दोन पक्ष करून एकमेकांवर चाल करून जावे, हा खेळ कोणास शिकवावा लागत नाही. परंतु लढाई संपल्यानंतर जे करावे लागते, त्याचा खेळ तुम्ही कधी खेळला आहात काय? काल ज्याच्यावर शस्त्र उगारले, त्याच्यासमोर आज आसन मांडून बसायचे, त्याचे म्हणणे शांतपणे ऐकायचे आणि दोघांनाही मान्य होईल असा तह करायचा, हे काम रणांगणावरील पराक्रमाहून सोपे नाही. तेही खेळून शिकता येते.

अशा खेळास भूमिका-खेळ म्हणता येईल. तो नाटकासारखा दिसतो, पण नाटक नव्हे. नाटकात नटाच्या तोंडची वाक्ये आधीच लिहून ठेवलेली असतात आणि शेवटही ठरलेला असतो. भूमिका-खेळात खेळाडूला केवळ आपण कोण आहोत आणि आपल्याला काय हवे आहे, एवढेच ठाऊक असते. पुढे काय बोलायचे, हे त्यानेच ठरवायचे. असे खेळ नवे नाहीत. प्रशियाच्या सैन्याने राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने रचलेला युद्धाचा खेळ १८२४ साली आपल्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला होता. युद्धाचा अभ्यास खेळातून होऊ शकतो, तर शांततेचा का होऊ नये?

माझ्या शाळेत आम्ही जो तह खेळलो, तो इजिप्त आणि इस्रायल या दोन देशांमधला. या देशांत १९४८, १९५६, १९६७ आणि १९७३ या साली युद्धे झाली. १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने इजिप्तचे सिनाई हे विस्तीर्ण वाळवंटी द्वीपकल्प जिंकून घेतले. पुढे नोव्हेंबर १९७७ मध्ये इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात स्वतः होऊन जेरुसलेमला गेले आणि तेथील संसदेसमोर त्यांनी भाषण केले. शत्रूच्या घरी जाऊन बोलण्याचे हे त्यांचे धैर्य पाहून सारे जग चकित झाले. पुढील वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सादात आणि इस्रायलचे पंतप्रधान मेनाखेम बेगिन या दोघांना कॅम्प डेव्हिड येथील डोंगराळ, वनराईने वेढलेल्या विश्रामस्थानी बोलावले. ५ सप्टेंबर १९७८ पासून १७ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे तेरा दिवस, ही बोलणी चालली.

प्रारंभीच्या भेटींत दोघे नेते एकमेकांवर इतके संतापले की, पुढे वाटाघाटींसाठी त्यांना समोरासमोर बसवणेही अशक्य झाले. तेव्हा कार्टर एका कुटीतून दुसऱ्या कुटीत जाऊन निरोप पोचवू लागले. त्यांच्या पक्षाने एकच मसुदा लिहिला. तो दोघांना आळीपाळीने दाखवायचा, त्यांचे आक्षेप ऐकायचे आणि पुन्हा लिहायचा. असे वीसहून अधिक मसुदे झाले. एकदा तर सादात यांनी परतीची तयारीही केली होती. कार्टर यांनी त्यांना विनवून थांबवले.

हा पेच कसा सुटला, ते आता पाहा. इजिप्त म्हणे, “सिनाईची सर्व भूमी आम्हांस परत द्या.” इस्रायल म्हणे, “ती देता येणार नाही.” या झाल्या मागण्या. मागण्या पाहिल्या तर दोहोंचा मेळ बसणे शक्य नव्हते. परंतु मागणीच्या मागे गरज असते. इजिप्तला आपल्या भूमीवर आपला ध्वज हवा होता. इस्रायलला शत्रूचे रणगाडे आपल्या सीमेवर अकस्मात येऊन ठेपणार नाहीत, अशी शाश्वती हवी होती. या गरजा मात्र परस्परविरोधी नव्हत्या. म्हणून भूमी इजिप्तची, पण सीमेलगतच्या भागात त्याच्या सैन्यावर कडक मर्यादा, असा मार्ग निघाला. २६ मार्च १९७९ रोजी वॉशिंग्टन येथे तहावर सह्या झाल्या आणि २५ एप्रिल १९८२ पर्यंत इस्रायलचे सैन्य सिनाईतून परत गेले.

खेळासाठी आम्ही वर्गाचे तीन गट केले : इजिप्त, इस्रायल आणि मध्यस्थ. पहिल्या दोन गटांना एकेक बंद चिठ्ठी दिली. तीत आपली मागणी, तिच्यामागील गरज आणि कदापि सोडायची नाही अशी एक गोष्ट लिहिलेली होती. नियम तीनच. पहिला, आपल्या भूमिकेला शोभेल असेच बोलावे. दुसरा, आपले म्हणणे मांडण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगावे, आणि “होय, मला हेच म्हणायचे होते,” असे तो म्हणेपर्यंत पुढे जाऊ नये. तिसरा, दोन तासिकांनंतर गटांनी खुर्च्यांची अदलाबदल करावी.

त्या वर्षी सातवीच्या दोन तुकड्यांत वैर माजले होते. मैदानावरून भांडण होऊन धक्काबुक्कीत एका मुलाचा हात मोडला होता, आणि तीन आठवडे दोन्ही तुकड्या एकमेकांशी बोलत नव्हत्या. मी मुद्दाम एका तुकडीला इजिप्त केले, दुसरीला इस्रायल. पहिल्या दिवशी खेळ मोडला. दुसऱ्या नियमापाशीच सारे अडले. समोरच्याचे म्हणणे उच्चारणे म्हणजे ते मान्य करणे, असे मुलांना वाटत होते. दुसऱ्या दिवशी खुर्च्या बदलल्या. काल ज्या मागणीची थट्टा केली, तीच आज आपल्या तोंडून मांडावी लागली, तेव्हा वर्गातील गलका हळूहळू ओसरला.

खेळ संपल्यावर मी प्रश्न विचारण्यास सांगितले. एका मुलीने विचारले, “गुरुजी, पॅलेस्टिनी लोकांची खुर्ची कोणती?” मला सांगावे लागले की, त्यांच्या भवितव्याविषयी तेथे चर्चा झाली आणि एक करारपत्रही लिहिले गेले, पण त्यांचा प्रतिनिधी तेथे नव्हता, आणि तो प्रश्न सुटला नाही. ज्यांचे भवितव्य ठरते त्यांनाच आसन नसेल तर तह अपुरा राहतो, हे त्या मुलीने मला न विचारताच वर्गाला शिकवले.

मग गळ्यात हात अडकवलेला तो मुलगा उठला. तो म्हणाला, “माझा हात मोडला, पण कसा आहेस असे कोणी एकदाही विचारले नाही. ही मागणी कोणत्या चिठ्ठीत लिहायची?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी एक कोरी चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि घंटा होताच वर्गाबाहेर आलो. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर मैदानाच्या वारांची वाटणी करणारा कागद होता. त्यावर दोन्ही तुकड्यांच्या सह्या होत्या. त्याखाली निराळ्या अक्षरात एकच ओळ होती : “हात बरा होईपर्यंत त्याचे दप्तर मी नेईन.” ती वाटणी पुढे एकदा मोडली, हेही सांगितले पाहिजे. परंतु त्या वेळी मुले मारामारी न करता तो कागद घेऊन पुन्हा बसली.

मुलांनो, खेळातील तहात कोणाचा प्राण जात नाही. खऱ्या तहाची किंमत मोठी असते. तहामुळे इजिप्तला अरब राष्ट्रांच्या संघटनेतून दहा वर्षे बाहेर राहावे लागले, आणि ६ ऑक्टोबर १९८१ रोजी सादात यांची त्यांच्याच देशातील तहविरोधी सैनिकांनी हत्या केली. तरीही तो तह टिकला. त्यानंतर त्या दोन देशांत पुन्हा युद्ध झाले नाही.

शत्रूच्या खुर्चीवर घटकाभर बसल्याने आपण शत्रूचे होत नाही, की आपले दुःखही विसरत नाही. तेथून आपली खुर्ची कशी दिसते, एवढे मात्र कळते. तह करण्याची सुरुवात तेथूनच होते.