बाहेर पडणाऱ्याला घर हवे! केडगावचा धडा

धर्म सोडायला एक दिवस पुरतो, असे पुष्कळांना वाटते. त्रिशरण-पंचशील घेतले, बावीस प्रतिज्ञा म्हटल्या, देव्हाऱ्यातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले की झाले! पण ज्या घराने हे केले आहे त्या घराला विचारा. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होते. शेजारीण हळदीकुंकवाला बोलावत नाही. म्हातारी आजारी पडली की "देव सोडले म्हणूनच हे झाले" असे ऐकावे लागते. पोरीचे ठरत आलेले स्थळ मोडते. आणि घरात कुणी वारले तर खांदा द्यायला कोण येणार, हा प्रश्न जिवंतपणीच छळू लागतो.

जो धर्म माणसाचे जेवण, पाणी, लग्न आणि मरण आपल्या मुठीत ठेवतो, त्याला दारावर पहारेकरी ठेवावे लागत नाहीत. माणूस आपणच आपला पहारेकरी होतो. याचा पुरावा हवा असेल तर पुण्याचे पंचहौद प्रकरण आठवावे. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. हजर असणाऱ्यांत महादेव गोविंद रानडे होते, बाळ गंगाधर टिळक होते. कुणी चहा घेतला, कुणी नुसता कप हाती धरला. गोपाळराव जोशी यांनी ही नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. सरकारात न्यायाधीश असलेल्या रानड्यांनाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका कपभर चहासाठी! ज्यांच्या निकालावर लोकांची भांडणे मिटत, त्यांना भटाच्या निकालापुढे मान तुकवावी लागली.

रानड्यांची ही स्थिती, तर मग बाईची काय असेल? आणि अस्पृश्याची काय असेल? अस्पृश्य तर धर्मात राहूनही विहिरीबाहेर आणि देवळाबाहेर होता. धर्माने त्याला आत कधी घेतलेच नाही. पण तो जायला निघाला की मात्र बलुते बंद, दुकान बंद, वाट बंद! न घेणारा धर्म सोडतही नाही, हे ब्राह्मणी व्यवस्थेचे खरे रूप आहे.

या प्रश्नाचा एक जुना आणि मोठा दाखला आपल्याच पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या केडगावात आहे. पुणे-दौंड लोहमार्गावरून जाणारे हजारो लोक केडगाव स्टेशन रोज पाहतात. तिथले 'मुक्ती मिशन' पंडिता रमाबाईंनी उभे केले. माता रमाईंशी नाव जुळते म्हणून आपले काही तरुण गोंधळतात, तर काहीजण "त्या ब्राह्मण, मग ख्रिस्ती, आपला काय संबंध?" म्हणून पान उलटतात. आम्हाला ही वृत्ती मान्य नाही. जोतीराव फुल्यांनी पान उलटले नव्हते. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर महाराष्ट्रातले भले भले सुधारक संतापले. तेव्हा १८८५ च्या 'सत्सार'मध्ये रमाबाईंची बाजू घेऊन उभे राहिले ते जोतीरावच. ज्या शास्त्रांनी स्त्री आणि शूद्र यांना एकाच दावणीला बांधले, ती शास्त्रे वाचून एक विदुषी बाहेर पडते, याचा अर्थ त्यांना बरोबर कळला होता.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना जातभाईंपुढे जाब द्यावा लागला. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडले. दुष्काळात आई-वडील उपासमारीने गेले. सगळी तीर्थे झाली, सगळी व्रते झाली, देव काही धावला नाही. रमाबाई भावाबरोबर कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८२ मध्ये पती वारले. पदरात मनोरमा ही तान्ही मुलगी. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथपर्यंतची हकिकत बहुतेकांना ठाऊक असते. पुढची हकिकत मात्र फारशी सांगितली जात नाही, आणि आमच्या मते खरा धडा तिथेच आहे. एका भटशाहीतून सुटलेल्या या बाईला नव्या धर्मातही पुरोहित भेटले. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, आपल्या बायाबापड्यांना ती कळत नाहीत, तिथे संस्कृत घाला, असे त्यांचे म्हणणे होते. येशू हाच देव, हे चर्चचे मत त्यांना सहजासहजी पटेना. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी आपल्या गुरुभगिनी सिस्टर जेराल्डिन यांना पत्रांमागून पत्रे लिहून भांडण मांडले. आपल्या देशातल्या पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले, आता तसलेच दुसरे जू घेणार नाही, असा त्याचा मथितार्थ होता. त्यांनी ख्रिस्ती धर्म सोडला नाही. पण आपली विवेकबुद्धी कुठल्याच बिशपाकडे गहाण ठेवली नाही. शाकाहारही सोडला नाही. धर्म सोडणाऱ्यांपैकी अनेकजण इथेच हरतात. एका महाराजाच्या पायावरून उठतात आणि दुसऱ्या महाराजाच्या पायावर डोके ठेवतात. पाय बदलतो, डोके मात्र खालीच राहते!

११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत 'शारदासदन' काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणले. उच्चवर्णीय विधवांसाठी ही शाळा होती. मुलींचे जातीचे आचार तिथे सांभाळले जात, हेही आम्ही लपवणार नाही. तरीही १८९३ मध्ये मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून गदारोळ झाला. 'केसरी'ने झोड उठवली. रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले, पालक मुलींना काढून घेऊन गेले. त्या मुली कुठे गेल्या? जिथून पळून आल्या होत्या, त्याच घरी! एखादीच्या मनात बाहेर पडण्याची इच्छा असली तरी इच्छेला छप्पर नव्हते.

याच शारदासदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. तिने १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. या दोघांनी धर्मही सोडला नव्हता, फक्त एक रूढी मोडली होती. तरी कर्व्यांच्या मुरुड गावाने बहिष्कार घातला. आईला आपल्या लेकाला घरात ठेवून घेण्याचीही चोरी झाली. माणसाला वठणीवर आणायला त्याच्या आईला वेठीला धरायचे, ही बहिष्काराची जुनी रीत आहे. ती आजही गावोगाव चालते.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. ज्या बाईचे आई-वडील भुकेने गेले होते ती मध्य प्रांतात गेली आणि शेकडो भुकेल्या मुली-बायका घेऊन आली. पुण्यात प्लेगचे दिवस होते. आश्रमाच्या उत्पन्नासाठी केडगावला जमीन घेतलेली होती. तिथेच आधी झोपड्या आणि मग इमारती उभ्या राहिल्या. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तर रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आता जातीचा प्रश्न उरला नव्हता. सगळ्या जातींच्या बायका एका आवारात होत्या. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपासदन, अंध बायकांसाठी वेगळी सोय. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या बायका, छापणाऱ्याही बायका! रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. ते भाषांतर १९२४ मध्ये छापून पूर्ण झाले.

केडगावातही सगळे आलबेल होते असे नाही. जिथे भाकरी मिळते तिथेच प्रार्थनाही होते, अशा जागी उपाशी मुलीच्या होकाराला कितपत स्वेच्छा म्हणावे? हा प्रश्न विचारलाच पाहिजे. तो विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, कारण आपल्याजवळ त्याहून मोठे माप आहे. उपाली नावाचा धनाढ्य गृहस्थ निगंठांचा अनुयायी होता. तो बुद्धाचा उपासक व्हायला निघाला तेव्हा बुद्धाने त्याला आधी नीट विचार करायला सांगितले. आणि निगंठांना इतकी वर्षे तुझ्या घरी भिक्षा मिळते, ती बंद करू नकोस, असेही सांगितले. येणाऱ्याला घाई नाही आणि मागे राहिलेल्यांशी वैर नाही! माणसावर ताबा ठेवणारा धर्म आणि माणसाला मोकळे करणारा धम्म यांच्यातला फरक इतका साधा आहे.

मात्र रमाबाईंची एक गोष्ट केडगावहून उचलून न्यावी अशी आहे. "बाहेर या" एवढे सांगून त्या थांबल्या नाहीत. बाहेर आलेलीला निजायला जागा, हाताला काम, अक्षरओळख आणि सोबत दिली. उपदेशाने दार उघडते. पण दाराबाहेर नुसतीच रात्र असेल तर माणूस परत आत जातो.

बाबासाहेबांना हे पक्के ठाऊक होते. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला घोषणा आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा, मध्ये २१ वर्षे! विरोधक म्हणत, यांचा निर्णयच होत नाही. पण १९३६ च्या 'मुक्ती कोन पथे?' या भाषणात त्यांनी धर्मांतराचा विचार आध्यात्मिक आणि ऐहिक अशा दोन्ही बाजूंनी केला. रमाबाई एकट्या बाहेर पडल्या म्हणून एकट्या झुंजल्या. बाबासाहेबांनी लाखो माणसे एकदम बाहेर काढली. सोयरीक, शेजार, खांदा, सगळे बरोबरच बाहेर आले. बहिष्काराचे हत्यारच बोथट झाले! आणि नागपूरच्या १५ ऑक्टोबरच्या भाषणात त्यांनी धम्मासाठी उत्पन्नाचा विसावा हिस्सा देण्याचे आवाहन केले. ते काय देवळाचा कळस बांधायला? बाहेर पडलेल्यांचे घर चालवायला पैसा लागतो, हे त्यांना कळत होते. पुढच्या दोन महिन्यांच्या आत बाबासाहेब गेले. विसावा हिस्सा आज किती घरांतून निघतो, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

कायद्याने काम होईल असे काहींना वाटते. कायदे आहेतही. धर्म किंवा जात सोडली म्हणून वारसाहक्क जाणार नाही, असे १८५० च्या कायद्याने ठरवले. मुंबई राज्याने १९४९ मध्ये धर्मबहिष्कृत करण्यावर बंदी आणली. पण दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंनी दाद मागितली आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. त्या समाजातल्या सुधारकांनी, असगर अली इंजिनिअर यांच्यासारख्यांनी, आयुष्यभर बहिष्कार सोसला. २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निकालाचा फेरविचार मोठ्या पीठाकडे सोपवला. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो २०१७ मध्ये अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाची त्यात तरतूद आहे. हा कायदा प्रत्येक कार्यकर्त्याने तोंडपाठ करावा, गावात कुणावर बहिष्कार पडला तर पोलीस ठाण्यात आधी आपण पोचावे. पण कायदा बहिष्कार टाकणाऱ्याला शिक्षा देईल. बहिष्कृताच्या पोरीला स्थळ आणून देणार नाही. ते काम समाजाचे.

आणि इथेच आम्हाला आपल्या समाजाला दोन शब्द सुनवायचे आहेत. २७ मे २००७ रोजी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर लक्ष्मण माने यांच्याबरोबर भटक्या-विमुक्तांनी धम्मदीक्षा घेतली. आपण टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, अग्रलेख लिहिले. नंतर त्यांच्या पालावर किती जण गेले? किती जणांनी त्यांच्याशी सोयरीक केली? मातंग, चर्मकार, ओबीसी कुटुंब विहारात आले तर आपण "यांची मूळ जात कोणती?" असे कुजबुजत विचारतो की नाही? पोटजात पाहून लग्न जुळवणारे घर बौद्ध कसे? जे विष सोडून आपण बाहेर पडलो तेच शिदोरीत बांधून आणले असेल, तर नव्या घरालाही जुन्याच घराचा वास येणार!

मन सुटायला वेळ लागतो, हेही समजून घ्यावे. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई कितीतरी काळ वेगळ्या राहिल्या, एकत्र आल्यावरही सुरुवातीला सोवळे सुटले नाही. १९०० मध्ये त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. कुणी धाक घातला म्हणून नव्हे, त्यांच्या बुद्धीला पटले म्हणून. आपल्या घरातली आजी चोरून उपास करते म्हणून तिला चारचौघांत झिडकारणारे तरुण आम्ही पाहतो. बाबांनो, धाकाने देव काढता येतो, भीती काढता येत नाही. तिच्याजवळ बसा. तिची भीती कशाची आहे ते विचारा. बहुतेक वेळा ती देवाची नसते, नातवंडाला काही होईल याची असते.

म्हणून प्रत्येक विहाराने एवढे तरी करावे. धर्म सोडू पाहणाऱ्या कुटुंबाची नोंद करण्याआधी त्याच्या घरी जावे. मरणादारी पहिला खांदा आपला असावा. घराबाहेर काढलेल्या मुलीला चार महिने राहता येईल अशी एक खोली आणि शिकण्याची सोय तालुक्याच्या ठिकाणी असावी. सोयरीक जुळवताना जात विचारणाऱ्याला तिथेच थांबवावे. आणि कुणीही, कितीही मोठा नेता किंवा भंते असो, त्याला प्रश्न विचारण्याची मोकळीक असावी.

केडगावात एका बाईने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी माळावर दोन हजार जिवांसाठी घर उभे केले. आपण तर लाखोंनी आहोत, शिकलेले आहोत, पगारदार आहोत. विसावा हिस्सा काढायचा की नाही, एवढेच ठरवायचे आहे.

जय भीम!