समुद्रकाठचा मराठी विजयस्तंभ

तंजावरला बृहदीश्वर आणि सरस्वती महाल पाहून बहुतेक मराठी माणसं परत फिरतात. मी यंदा पट्टुकोट्टैमार्गे मल्लिपट्टिणमजवळच्या मनोऱ्यापर्यंत गेलो. तिथे पोहोचताच ग्रीसमधलं ऱ्होड्स आठवलं.

ऱ्होड्सचा सूर्यदेवाचा कांस्यपुतळा म्हणजे जगातल्या सात प्राचीन आश्चर्यांपैकी एक. डिमिट्रियस या सेनानीने शहराला घातलेला वेढा उठल्याच्या आनंदात तो उभारला, उंची सुमारे ३३ मीटर. इ.स.पू. २२६ च्या सुमारास भूकंपात कोसळला. बंदराच्या तोंडावर दोन पाय फाकून उभा असल्याचं चित्र मात्र नंतरच्या लोकांची कल्पना!

आपला मनोराही विजयस्मारकच. तंजावरचे मराठा राजे सरफोजी दुसरे यांनी नेपोलियनच्या पाडावानिमित्त तो बांधला. षट्कोनी, आठ मजली, भोवती तटबंदी आणि खंदक. मजल्यागणिक कमानदार खिडक्या, वर पुढे आलेल्या छज्ज्यांच्या कडा.

अनेक जण याला वॉटर्लूच्या लढाईचं स्मारक म्हणतात. पण शिलालेखातलं साल १८१४ आहे आणि वॉटर्लू झालं जून १८१५ मध्ये. म्हणजे हा नेपोलियनच्या पहिल्या पदत्यागाचा आनंद. माझ्या मते ही दुरुस्ती प्रत्येक मार्गदर्शकाने सांगायला हवी.

२००४ च्या त्सुनामीत वास्तूचं नुकसान झालं, तरी मनोरा उभा आहे. तंजावरहून एका दिवसात जाऊन येता येतं.