एक संगणक, दोन प्रणाली

संगणकाच्या सर्व भागांकडून काम करवून घेणाऱ्या मूळ कार्यक्रमसंचास ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. शाळा व कार्यालयांतून रूढ झालेल्या विंडोज १० या प्रणालीचे नियमित साहाय्य मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था व तुलनेने नवा प्रोसेसर आवश्यक असल्याने अनेक सुस्थितीतील संगणकांवर ती बसविता येत नाही. परंतु तेवढ्यावरून यंत्र मोडीत काढण्याचे कारण नाही. त्याच यंत्रावर लिनक्स ही विनामूल्य उपलब्ध असलेली प्रणाली विंडोजच्या जोडीने नांदू शकते.

निवड कशी होते?

वीज मिळताच मदरबोर्डवरील एक छोटा कार्यक्रम प्रथम जागा होतो. जुन्या यंत्रांत त्यास बायोस, तर नव्या यंत्रांत यूईएफआय म्हणतात. बायोस हा डिस्कच्या आरंभीचा ५१२ बाइटांचा भाग वाचून पुढील सूत्रे त्यातील आज्ञांकडे सोपवितो. यूईएफआय मात्र डिस्कवरील एका स्वतंत्र लहान विभागात पाहतो. तेथे प्रत्येक प्रणालीचा आरंभक आपापल्या कप्प्यात असतो. लिनक्सबरोबर येणारा ग्रब हा आरंभक पडद्यावर प्रणालींची यादी दाखवितो व वापरणाऱ्याने निवडलेली प्रणाली सुरू करतो. एका वेळी एकच प्रणाली चालते.

विंडोज नंतर बसविल्यास ती आरंभाची जागा स्वतःकडे घेते व लिनक्सची वाट झाकली जाते. म्हणून विंडोज आधी व लिनक्स नंतर, हा क्रम पाळावा. विंडोज ज्या पद्धतीने, म्हणजे बायोस वा यूईएफआय पद्धतीने बसविली असेल, त्याच पद्धतीने लिनक्सही बसवावी.

घ्यावयाची दक्षता

खरा धोका यंत्रास नसून त्यातील नोंदींस आहे. विद्यार्थ्यांचे दाखले, कर-आकारणीच्या नोंदी, सभांची इतिवृत्ते यांची प्रत प्रथम वेगळ्या डिस्कवर घ्यावी व ती उघडते याची खात्री करावी. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असल्यास तिची पुनर्प्राप्ती-किल्ली लिहून ठेवावी. त्यानंतर विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंटच्या साहाय्याने तिचा विभाग आखडून जागा मोकळी करावी. उबुंटूसारख्या लिनक्ससाठी किमान २५ जीबी जागा लागते. विंडोजमधील फास्ट स्टार्टअप बंद करावे, अन्यथा लिनक्सला त्या विभागात लिहिता येत नाही. लिनक्स बसविताना संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्यायही समोर येतो. तो चुकून निवडल्यास वर्षानुवर्षांच्या नोंदी नाहीशा होतात.

दोन्ही प्रणालींना लागणारी कागदपत्रे विंडोजच्या विभागात ठेवावीत. लिनक्स तो विभाग वाचू शकते, परंतु विंडोज लिनक्सचा विभाग सहसा वाचत नाही. यंत्राच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ, तर लिनक्स सामान्यतः जागतिक प्रमाणवेळ धरते. त्यामुळे प्रणाली बदलताच साडेपाच तासांचा फरक दिसू शकतो. लिनक्सला स्थानिक वेळ पाळण्याची सूचना देऊन तो दूर करता येतो.

इंटरनेटवरील कामे अद्ययावत लिनक्सवर करावीत आणि जुनी विंडोज केवळ तिच्यावरच चालणाऱ्या कार्यक्रमांसाठी राखावी. अशी विभागणी केल्यास नवा खर्च न करता जुने यंत्र आणखी काही वर्षे सुरक्षितपणे उपयोगी पडेल.