चट्टा नाडीच्याच जागी का?

माझ्या मावशीच्या कमरेवर, परकराची नाडी जिथे करकचून बसायची नेमक्या तिथेच, चट्ट्यांचा पट्टा उठला होता. वर चंदेरी खपल्या. एखादी खपली नखाने निघाली की खाली टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसत. घरात कुणी म्हणे रक्त बिघडलं, कुणी म्हणे अंगातली उष्णता. तिचा टॉवेल वेगळा झाला. सोरायसिस संसर्गाने पसरत नाही, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. पट्टा नाडीच्याच जागी का, हेही कुणी विचारलं नाही. वैद्यकाला मात्र हा प्रश्न शंभर वर्षांआधीच पडला होता.

सोरायसिसच्या माथ्यावरचा महारोगाचा शिक्का व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्राने 1841 मध्ये पुसला. मग 1872 मध्ये ब्रेस्लाऊच्या हाइनरिख कोबनर यांनी एका रुग्णाची हकिगत मांडली. त्याच्या अंगावर जिथे खरचटलं, जिथे घोडा चावला, जिथे गोंदून घेतलं, तिथे तिथे नवे चट्टे आले होते. कोबनर यांनी पाहिलं ते अचूक होतं, पण त्याचं कारण सांगायला त्या काळी साधनच नव्हतं.

त्यानंतर बराच काळ सगळ्यांचं लक्ष कातडीच्या वरच्या थरावरच राहिलं, आणि त्याला कारणही होतं. निरोगी त्वचेत खालच्या थरात जन्मलेली पेशी वर येऊन झडायला साधारण महिना लागतो. चट्ट्यात हाच प्रवास तीन-चार दिवसांत उरकतो, असं 1960 च्या दशकातल्या मोजमापांतून दिसलं. अर्धवट पिकलेल्या पेशी एकमेकींवर चढतात, त्याच खपल्या. तेव्हा रोग त्वचेच्या पेशींचाच, असं ठरलं. औषधाचा अनुभवही तेच सांगत होता. 1951 मध्ये सांधेदुखीवर दिलेल्या अमिनोप्टेरिनने सोरायसिसही ओसरल्याचं दिसलं, आणि त्याचंच भावंड मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. ही औषधं ज्या प्रयोगशाळेतून आली, तिथल्या संशोधनाची धुरा आंध्रच्या येल्लाप्रगडा सुब्बारावांच्या खांद्यावर होती. हे नाव आपल्याकडे अजून घरोघरी पोचलेलं नाही, याची खंत वाटते. मेथोट्रेक्सेट पेशींची वाढ रोखतं, म्हणून रोग वाढीचाच, असा हिशेब मांडला गेला.

तो चुकला होता. 1979 मध्ये सायक्लोस्पोरिन काही सांधेदुखीच्या रुग्णांना दिलं गेलं आणि त्यांचे चट्टे विरले. हे औषध प्रतिकारशक्तीतल्या टी-पेशींना आवरतं. बदललेलं मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून ते देतात. तरीही शंका राहिली, की ते थेट त्वचेवरच काम करत असेल. ती 1995 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात बरीचशी फिटली. फक्त चेतलेल्या टी-पेशींवर बसेल असं विष तिथे दहा रुग्णांना दिलं गेलं. त्वचेच्या पेशींना धक्का न लावता अनेकांचे चट्टे उतरले. म्हणजे हुकूम टी-पेशींचा, त्वचा फक्त तो बजावत होती.

कोणत्या निरोपाने, हे कळायला आणखी काही वर्षं लागली. इंटरल्युकिन-12 हा रेणू दोषी मानून त्याला अडवणारं उस्टेकिनुमॅब घडवलं गेलं, आणि ते लागूही पडलं. पण 2000 मध्ये इंटरल्युकिन-23 सापडला, त्याचा एक तुकडा इंटरल्युकिन-12 शी सामाईक निघाला. नेम एकावर धरला होता, खरा गुन्हेगार शेजारी होता! हा 23 टी-पेशींच्या एका गटाला पोसतो, तो गट इंटरल्युकिन-17 सोडतो, आणि 17 त्वचेच्या पेशींना भराभर वाढायला लावून पांढऱ्या पेशींना वर बोलावतो. त्वचारोगतज्ज्ञ मन्रो यांना 1898 मध्ये खपलीत या पांढऱ्या पेशींचे पुंजके दिसले होते. ते तिथे कसे पोचतात, हे कळायला शतक लोटलं. याच काळात, 2013 मध्ये, बेंगळुरूच्या बायोकॉनचं टी-पेशींना आवर घालणारं इटोलिझुमॅब भारतीय रुग्णांसाठी आलं.

माझ्या मते सर्वांत सुंदर उकल 2007 ची. त्वचा दुखावली की ती एलएल-37 नावाचा जंतुनाशक प्रथिनांश सोडते. एरवी तो आपला राखणदार. पण तो मेलेल्या पेशींमधून सांडलेल्या आपल्याच डीएनएला बिलगला, की काही रक्षक पेशींना तो विषाणूचा हल्ला वाटतो. त्या इंटरफेरॉन सोडतात, आणि ज्याच्या जनुकांत कल आहे त्याच्या टी-पेशी जाग्या होतात. घोड्याचा दात, गोंदणाची सुई, परकराची नाडी. सुरुवात तिथून होते. घशातल्या स्ट्रेप्टोकोकसनंतर, विशेषतः मुलांत, अंगभर थेंबाथेंबांसारखे चट्टे उठतात, त्यामागेही चेतलेल्या टी-पेशीच असतात.

मावशी आता सलवारची नाडी सैल बांधते. औषधाने कंबर स्वच्छ झाली आहे. फिकट पट्ट्यावरून बोट फिरवलं तर कातडी गुळगुळीत लागते. पण त्या गुळगुळीत कातडीत जुन्या चट्ट्याची आठवण धरून काही टी-पेशी मुक्काम ठोकून असतात. औषध थांबलं की चट्टा बहुधा जुन्याच जागी परततो तो त्यांच्यामुळे, आणि त्यांना तिथून कायमचं कसं उठवायचं, यावर आता काम चाललं आहे.