हळदीचा डाग आणि काचेचा केस

टेंभुर्णीत जेसीबीनं कुठं खणलं की नेट गेलंच. मग रस्त्याकडेला पोतं अंथरून एक पोरगा फायबर जोडत बसतो. आवरण सोलतो, स्पिरिटनं पुसतो, टोक काटकोनात छाटतो आणि मशीनमध्ये ठिणगी पाडून दोन्ही टोकं वितळवून एक करतो. तार कुठं मोडलीय ते कळत नसेल तर लाल उजेडाचा पेन लावतो. मोडलेल्या जागी लाल चमकतं. ही तार काचेची, जाडीला ०.१२५ मिलिमीटर, म्हणजे केसाएवढी. आपल्याकडे वाळूजच्या कारखान्यातही ती ओढतात. तिला चव घ्यायलाही शिकवता येतं.

युक्ती स्वयंपाकघरातलीच आहे. हळदीत चुना कालवला की ती लाल होते; कुंकू असंच करायचे. तसाच रंग पालटणारा पदार्थ तारेच्या टोकावर पातळ थरात बसवायचा, आतून उजेड सोडायचा आणि परत येणारा उजेड मोजायचा. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा ओलांडून लोणारला गेलात तर तिथल्या सरोवराचा सामू १०च्या आसपास. हळद तिथं लालच होणार. हे सरोवर म्हणजे बेसाल्टात उल्केनं पाडलेलं विवर; असं विवर पृथ्वीवर विरळा, आणि मंगळाचा खडकही बराचसा बेसाल्टच. त्यामुळे मंगळाचे अभ्यासक लोणारला येतात.

मंगळावरच्या थंडीत यंत्राची नाजूक विद्युतमंडळं पोटात उबेला ठेवावी लागतात. काचेला ती चिंता नाही. २०१२ साली उतरलेल्या क्युरिऑसिटी गाडीच्या माथ्यावरचं केमकॅम हे उपकरण सात मीटरपर्यंतच्या खडकावर लेसर झाडतं, उडालेल्या ठिणगीचा उजेड दुर्बिणीनं गोळा करतं आणि सुमारे सहा मीटर फायबरमधून पोटातल्या वर्णपटमापकांकडे धाडतं. खडकात कोणती मूलद्रव्यं आहेत ते तिथं कळतं. इथं चव ठिणगीची. काच फक्त हमाल.

रंगवाल्या टोकाचं दुखणं मात्र वेगळं. हळदीचा डाग उन्हात टाकला की उडतो, हे कुठल्याही आईला विचारा. हे रंगही उजेडानंच मोजायचे आणि उजेडानंच फिके पडायचे! शिवाय मंगळावर पोचायलाच कित्येक महिने. २००८ साली फिनिक्स यानानं पृथ्वीवरून नेलेल्या पाण्यात मंगळाची माती कालवली, सामू ७.७च्या आसपास निघाला, परक्लोरेटही सापडलं. पण ते काम इलेक्ट्रोडांनी केलं, रंगानं नव्हे.

फिकटपणावर एक तोड निघाली आहे. काही चमकणाऱ्या रंगांत चमक किती ते मोजत नाहीत, ती विझायला किती वेळ लागतो ते मोजतात. पंधरा आणे डाग उडाला तरी उरलेला आणा चुना लागला की लालच होतो.